वाहनातील ध्वनिसेवा : ती का थांबते आणि पुन्हा कशी सुरू होते

नोएडाहून गुरुग्रामकडे निघालेल्या मोटारीत आकाशवाणीचे बातमीपत्र सुरू असते. वाटेत पेट्रोल भरण्यासाठी गाडी दोन-तीन मिनिटे बंद करण्यात येते. गाडी पुन्हा सुरू होते, समोरचा पडदा उजळतो, त्यावर केंद्राचे नावही दिसते. आवाज मात्र येत नाही. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात रोज दोन-दोन तास मोटारीत घालवणाऱ्या अनेकांना हा अनुभव परिचित आहे. अशा वेळी रेडिओ बिघडला, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा यंत्र शाबूत असते. त्याच्या आत, पडद्यामागे चालणारी एक आज्ञावली थांबलेली असते आणि ती पुन्हा सुरू करण्याचे काम कोणीतरी करावयाचे असते.

हे काम कोण करते, कोणत्या नियमाने करते आणि ते चुकल्यास काय घडते, याची माहिती या लेखात दिली आहे. प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. नकाशाच्या सूचना, गाडी मागे घेतानाचा इशारा आणि सार्वजनिक वाहनांतील स्थानकांच्या उद्घोषणा याही आता याच प्रकारच्या व्यवस्थेतून ऐकू येतात.

रेडिओपासून संगणकापर्यंत

१४ डिसेंबर १९८३ रोजी गुरुग्राम येथील कारखान्यातून पहिली मारुती ८०० मोटार ग्राहकाच्या हाती देण्यात आली. त्या काळातील मोटारीचा रेडिओ हे स्वतंत्र उपकरण होते. खटका दाबला की वीज मिळे आणि वीज मिळाली की आवाज येई. मध्ये कोणतीही आज्ञावली नव्हती. त्यामुळे ती थांबण्याचा किंवा पुन्हा सुरू करण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

आजच्या मोटारीतील टचस्क्रीन हा पूर्ण संगणक असतो. वाहनाच्या अंगातच बसवलेल्या आणि ठरावीक कामांसाठी घडवलेल्या अशा संगणकास एम्बेडेड प्रणाली म्हणतात. त्यावर अँड्रॉइड, लिनक्स किंवा क्यूएनएक्स यांपैकी एखादी परिचालन प्रणाली चालते. लिनक्स फाउंडेशनने २०१२ मध्ये ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स हा प्रकल्प हाती घेतला. टोयोटाची २०१८ची कॅमरी ही अमेरिकेत त्यावर चालणारी तिची पहिली मोटार ठरली. गुगलने २०१७ मध्ये वाहनांतच बसवण्याच्या अँड्रॉइडची घोषणा केली आणि २०२० मध्ये पोलस्टार २ या मोटारीतून ते रस्त्यावर आले. दिल्लीत करोल बाग आणि कश्मीरी गेट येथील मोटार-साहित्याच्या बाजारात जुन्या गाड्यांसाठी अँड्रॉइडचे स्टिरिओही मिळतात.

या संगणकात ध्वनीचे काम एकाच आज्ञावलीकडे नसते. गाण्याचे किंवा रेडिओचे ॲप, त्या ॲपची पार्श्वभूमीवर चालणारी माध्यम सेवा, सर्व ॲपचे आवाज एकत्र करणारी ध्वनी-व्यवस्था, ध्वनी-चिपशी बोलणारा ड्रायव्हर आणि शेवटी ॲम्प्लिफायर अशी ही साखळी असते. पडद्यावर नकाशा उघडा असतानाही गाणे चालू राहते, ते पार्श्वभूमीवरील माध्यम सेवेमुळे. साखळीतील कोणतीही एक कडी निखळली तरी ऐकणाऱ्याला मिळणारा परिणाम एकच असतो, तो म्हणजे शांतता. कोणती कडी निखळली हे त्या शांततेवरून ओळखता येत नाही आणि दुरुस्तीतील पहिली अडचण इथेच असते.

खरखर आणि शांतता

जुन्या ॲनालॉग रेडिओचा दोष स्वतःच बोलत असे. प्रक्षेपण दूर गेले की खरखर वाढे, पुलाखाली गाडी आली की आवाज बुडे आणि श्रोत्याला कारण समजे. डिजिटल प्रक्षेपणात तसे होत नाही. आकाशवाणीने आपल्या मध्यम लहरींवरील ३५ प्रक्षेपकांना डिजिटल रेडिओ मोंडियल, म्हणजेच डीआरएम या पद्धतीसाठी सज्ज केले आणि भारतात विकल्या गेलेल्या अनेक मोटारींत ही पद्धत समजणारे ग्राहकयंत्र बसवण्यात आले. या पद्धतीत लहरींतून आलेली माहिती उलगडून तिचा ध्वनी करण्याचे काम संगणकीय प्रक्रियेद्वारे होते. माहिती पुरेशी मिळाली तर आवाज स्वच्छ येतो. ती कमी पडली तर आवाज एकदम तुटतो.

इंटरनेटवरून ऐकतानाही हेच घडते. दिल्लीत राहणारा मराठी श्रोता प्रसार भारतीच्या न्यूज ऑन एअर या ॲपवरून मुंबईची अस्मिता वाहिनी मोटारीत ऐकू शकतो. भुयारी मार्गात मोबाईलचे जाळे तुटले तर काही क्षण साठवलेला आवाज वाजतो आणि मग थांबतो. जाळे परत येताच चांगली लिहिलेली सेवा स्वतःहून पुन्हा जोडणी करते. कच्ची लिहिलेली सेवा मेलेल्या जोडणीकडे डोळे लावून बसून राहते. दोन्ही प्रसंगी बाहेरून दिसणारे चित्र सारखेच असते.

सेवा थांबण्याची कारणे

पहिले कारण स्मृतीची टंचाई हे होय. बाजारात बसवलेल्या स्वस्त स्टिरिओत ती विशेष जाणवते. मोकळी मेमरी कमी पडली की अँड्रॉइड कमी महत्त्वाच्या प्रक्रिया बंद करू लागते. मागे घेतानाचा कॅमेरा, नकाशा आणि फोनची जोडणी एकाच वेळी चालू झाली, तर पार्श्वभूमीवरील सेवेवर गदा येण्याची शक्यता असते.

दुसरे कारण गाडीची झोप हे आहे. इंजिन बंद केल्यावर अनेक प्रणाली पूर्ण बंद होत नाहीत. मेमरीतील मजकूर जसाच्या तसा ठेवून त्या झोपी जातात, जेणेकरून पुढच्या वेळी पडदा त्वरित उजळावा. जाग येते तेव्हा पेन ड्राइव्ह नव्याने ओळखला जातो, ब्लूटूथची जोडणी नव्याने होते, मोबाईल जाळ्यावरील पत्ताही बदललेला असतो. झोपण्यापूर्वीचेच जग अद्याप आहे असे समजून चालणारी सेवा येथे अडकते. पेट्रोल पंपावरचा प्रसंग बहुधा याच प्रकारातील असतो.

तिसरे कारण उष्णता. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील तापमान त्याहून बरेच अधिक असते. वाहनांसाठीच्या चिप ठरावीक श्रेणीत घडवल्या जातात. एईसी-क्यू१०० या मानकातील तिसरी श्रेणी उणे ४० ते ८५ अंशांपर्यंतची, तर दुसरी १०५ अंशांपर्यंतची आहे. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर आपली गती कमी करतो आणि ॲम्प्लिफायर स्वसंरक्षणासाठी आवाज तोडतो. या दुसऱ्या स्थितीत माध्यम सेवा व्यवस्थित चालू असते. ती कितीदाही पुन्हा सुरू केली तरी गाडी थंड होईपर्यंत उपयोग होत नाही.

चौथे कारण वापरकर्त्यानेच दिलेली आज्ञा हे आहे. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधून एखादे ॲप सक्तीने बंद केले तर प्रणाली त्याची नोंद ‘थांबवलेले’ अशी करते. २०११ मधील ३.१ या आवृत्तीपासून हा नियम आहे. असे ॲप कोणी हाताने उघडेपर्यंत पार्श्वभूमीवर आपोआप सुरू होत नाही. आपोआप थांबलेली सेवा आणि मुद्दाम थांबवलेली सेवा यांत परिचालन प्रणाली असा स्पष्ट भेद करते. एकीला ती उठवते, दुसरीला हात लावत नाही.

पुन्हा सुरू करण्याचे नियम

थांबलेली सेवा उठवण्याचे काम प्रत्येक प्रणालीत वेगळ्या रखवालदाराकडे सोपवलेले आहे.

लिनक्सवर चालणाऱ्या अनेक वाहन-संगणकांत हा रखवालदार सिस्टमडी या नावाने ओळखला जातो. प्रत्येक सेवेसाठी एक छोटी फाईल असते आणि सेवा संपल्यास काय करावे हे तीत लिहिलेले असते. सेवा कशीही संपली तरी पुन्हा सुरू करावी, किंवा केवळ दोषामुळे संपली तरच सुरू करावी, असे पर्याय उपलब्ध असतात. वेगळी सूचना नसेल तर सिस्टमडी १० सेकंदांत ५ वेळा सेवा सुरू होऊ देतो. त्यानंतर प्रयत्न थांबवून ती अपयशी ठरल्याची नोंद करतो. सेवा जिवंत आहे पण प्रतिसाद देत नाही, अशा स्थितीसाठीही सोय आहे. सेवेने ठरलेल्या वेळेत ‘मी चालू आहे’ असा संकेत द्यावयाचा असतो. तो न आल्यास तिला संपवून नव्याने सुरू करता येते.

अँड्रॉइडमध्ये दोन पातळ्या आहेत. खालच्या पातळीवर इनिट ही सर्वांत प्रथम सुरू होणारी प्रक्रिया असते. तिच्या यादीतील सेवा संपली की ती पुन्हा सुरू केली जाते. दोन प्रयत्नांत सामान्यतः किमान ५ सेकंदांचे अंतर राखले जाते. अत्यावश्यक म्हणून नोंदवलेली सेवा ४ मिनिटांत ४ हून अधिक वेळा कोसळली, तर सेवा उठवत बसण्याऐवजी संपूर्ण यंत्रच पुन्हा सुरू करण्यात येते.

वरच्या पातळीवर ॲपच्या सेवा असतात. सेवा लिहिणारा अभियंता प्रणालीला आधीच सांगून ठेवतो की, मेमरीअभावी सेवा बंद करावी लागली तर ती पुन्हा निर्माण करावी किंवा करू नये. पुन्हा निर्माण करण्याच्या साध्या पर्यायात एक मेख आहे. सेवा परत येते, परंतु तिला मूळ आज्ञा परत मिळत नाही. कोणते केंद्र किंवा कोणते गाणे चालू होते हे तिने स्वतः कुठेतरी लिहून ठेवलेले नसेल, तर ती जिवंत असते पण मूक राहते. मूळ आज्ञेसह परत उठवण्याचा निराळा पर्यायही उपलब्ध आहे.

गेल्या काही वर्षांत हे नियम कडक होत गेले. २०१७ मधील अँड्रॉइड ८ पासून पार्श्वभूमीवर मुक्तपणे चालण्यावर मर्यादा आल्या. दृश्य सूचनेसह चालणाऱ्या सेवेने सुरू झाल्यापासून ५ सेकंदांत ती सूचना दाखवणे बंधनकारक झाले. २०२३ मधील अँड्रॉइड १४ पासून अशा सेवेने आपला प्रकार, उदाहरणार्थ माध्यम-वादन, घोषित करावा लागतो. २०२४ मधील अँड्रॉइड १५ ला अनुसरून घडवलेल्या ॲपला यंत्र सुरू झाल्याच्या संकेतावरून माध्यम-वादनाची अशी सेवा थेट सुरू करता येत नाही. जुने स्टिरिओ ॲप नव्या आवृत्तीवर गाडी सुरू होताच वाजू लागत नसेल, तर त्यामागे हेही कारण असू शकते. मोटारीतच बसवलेल्या अँड्रॉइडमध्ये शेवटचा ध्वनिस्रोत लक्षात ठेवणारी स्वतंत्र व्यवस्था असते आणि गाडी सुरू झाल्यावर तो आपोआप वाजावा की नाही, हे वाहन उत्पादक ठरवतो.

त्या अँड्रॉइडमध्ये २०२० पासून आणखी एक रखवालदार आला. तो नोंदणी केलेल्या प्रक्रियांची विचारपूस करतो आणि महत्त्वानुसार ३, ५ किंवा १० सेकंदांत उत्तर न देणारी प्रक्रिया संपवतो.

क्यूएनएक्सची रचना मुळातच निराळी आहे. तीत ध्वनीचा ड्रायव्हरदेखील परिचालन प्रणालीच्या गाभ्याबाहेर, साध्या प्रक्रियेसारखा चालतो. त्यामुळे तो कोसळला तरी संपूर्ण संगणक बंद न करता तेवढाच पुन्हा सुरू करता येतो.

लहान भागापासून सुरुवात

या सर्व व्यवस्थांचा समान धडा असा की, शक्य तितका लहान भाग आधी पुन्हा सुरू करावा. अँड्रॉइडच्या इतिहासातच याचे उदाहरण आहे. पूर्वी ध्वनी, चित्रफीत आणि कॅमेरा ही कामे मीडियासर्व्हर या एकाच प्रक्रियेत होत. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट या नावाने गाजलेल्या सुरक्षा-त्रुटी उघडकीस आल्या आणि २०१६ मधील अँड्रॉइड ७ मध्ये त्या प्रक्रियेचे तुकडे करण्यात आले. उद्देश सुरक्षेचा होता, पण त्याचा आणखी एक लाभ झाला. चित्रफितीचा दोष आता केवळ त्याच्या प्रक्रियेपुरता राहतो. ध्वनीची प्रक्रिया त्यासोबत पडत नाही.

ध्वनीची मुख्य प्रक्रियाच पुन्हा सुरू झाली तर मात्र तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व ॲपच्या जोडण्या तुटतात. प्रत्येक ॲपने ती तूट ओळखून नवी जोडणी करणे अपेक्षित असते. जे ॲप तसे करत नाही, त्याच्या पडद्यावर गाण्याचे नाव दिसत राहते आणि आवाज येत नाही. म्हणून मुळाशी असलेली सेवा उठवल्यावर तिच्यावरील सेवाही क्रमाने उठवाव्या लागतात.

प्रयत्नांना मर्यादा कशासाठी

थांबलेली सेवा पुन्हा पुन्हा सुरू करत राहिल्यास बिघाड दूर होईल, असे नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील सिएटल परिसरात याचा प्रत्यय आला. तेथील केयूओडब्ल्यू या ९४.९ मेगाहर्ट्झवरील सार्वजनिक रेडिओ केंद्राच्या डिजिटल प्रक्षेपणासोबत काही चित्रे पाठवण्यात आली. त्या फाईलच्या नावांत प्रकार दर्शवणारा शेवटचा भाग नव्हता. २०१४ ते २०१७ या काळात बनलेल्या आणि जुने सॉफ्टवेअर असलेल्या काही माझदा मोटारींना ही चित्रे उलगडता आली नाहीत. त्यांचे यंत्र कोसळे, पुन्हा सुरू होई, त्याच केंद्रावर जाई आणि पुन्हा कोसळे. चालकांना केंद्र बदलणेही शक्य झाले नाही. अनेक गाड्यांतील नियंत्रक भागच बदलावा लागला.

यंत्राने आपले काम नियमानुसारच केले होते. शेवटचे केंद्र लक्षात ठेवून ते पुन्हा लावण्याचा नियमच येथे घातक ठरला. म्हणूनच काही अपयशी प्रयत्नांनंतर जुनी स्थिती टाकून देऊन कोऱ्या स्थितीतून सुरुवात करावी, असा मार्ग जाणकार अभियंते ठेवतात.

दुसरे उदाहरण टेस्लाचे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये या कंपनीने अमेरिकेतील सुमारे १ लाख ३५ हजार मॉडेल एस आणि मॉडेल एक्स मोटारी परत बोलावल्या. त्यांच्या पडद्याच्या संगणकात ८ गिगाबाइटची फ्लॅश मेमरी होती. अशा मेमरीवर मर्यादित वेळाच लिहिता-पुसता येते. या प्रकरणात ती मर्यादा सुमारे ३,००० आवर्तनांची असल्याचे अमेरिकी महामार्ग सुरक्षा प्रशासनाने नमूद केले होते. रोजच्या नोंदींनी ती झिजत गेली आणि पाच-सहा वर्षांत निकामी होऊ लागली. त्यामुळे मागचा कॅमेरा, काचेवरील धुके घालवण्याची सोय आणि दिशादर्शक दिव्यांसह काही इशाऱ्यांचे आवाज यांवर परिणाम झाला. प्रत्येक वेळी कोसळणारी आणि प्रत्येक वेळी लांबलचक नोंद लिहिणारी सेवा ही झीज वाढवते. येथे पुन्हा सुरू करणे हा उपाय नव्हता. सुटा भाग बदलणे हाच उपाय होता.

मेट्रोतील उद्घोषणा

दिल्लीत या प्रश्नाचे सार्वजनिक रूप मेट्रोत पाहावयास मिळते. २५ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी या मार्गावर दिल्ली मेट्रो प्रथम प्रवाशांच्या सेवेत आली. तिच्या उद्घोषणांतील हिंदी आवाज शम्मी नारंग यांचा आणि इंग्रजी आवाज रिनी सायमन खन्ना यांचा आहे. हे दोघेही दूरदर्शनचे वृत्तनिवेदक होते. त्यांच्या ध्वनिमुद्रित वाक्यांतून योग्य वेळी योग्य वाक्य निवडण्याचे काम गाडीतील संगणक करतो.

डोळस प्रवाशासाठी उद्घोषणा ही एक सोय असते. दाराच्या वरचा नकाशा आणि फलाटावरील पाट्या त्याला दिसत असतात. अंध प्रवाशासाठी मात्र पुढचे स्थानक कोणते आणि दरवाजे कोणत्या बाजूला उघडणार हे सांगणारा तोच एक आधार असतो. उद्घोषणा दोन स्थानके बंद राहिली तर तो चुकीच्या स्थानकावर उतरू शकतो किंवा हवे ते स्थानक मागे टाकू शकतो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाहतुकीच्या साधनांची सुगम्यता ही शासनाची जबाबदारी मानली आहे. ध्वनिसेवा अखंड चालणे हा त्या जबाबदारीचाच एक भाग ठरतो.

अशा प्रणालीत सेवा उठवणे पुरेसे नसते. ती थांबली त्या वेळी गाडी एका स्थानकाजवळ असेल आणि उठली त्या वेळी पुढच्या. जुनी स्थिती जशीच्या तशी पुढे चालवली तर ती मागच्या स्थानकाचे नाव उच्चारेल. चुकीची उद्घोषणा ही शांततेहून अधिक दिशाभूल करणारी असते. म्हणून अशा सेवेने उठल्यावर प्रथम गाडीचे प्रत्यक्ष स्थान विचारून घ्यावे आणि ते निश्चित होईपर्यंत बोलू नये, हे तत्त्व महत्त्वाचे मानले जाते. गाणे वाजवणाऱ्या सेवेने जेथे थांबले तेथून पुढे जावे. स्थानक सांगणाऱ्या सेवेने मात्र आता जेथे आहोत तेथून सुरुवात करावी.

२८ डिसेंबर २०२० रोजी मॅजेंटा मार्गावर चालकाविना धावणारी मेट्रो सुरू झाली. चालक असलेल्या गाडीत आवाज बंद पडल्यास तो स्वतः ध्वनिक्षेपक हाती घेऊ शकतो. चालक नसलेल्या गाडीत तो दोष दूरच्या नियंत्रण कक्षाला कळणे आवश्यक असते. तसे कळण्यासाठी सेवेने आपल्या प्रकृतीची खबर सतत देत राहिले पाहिजे.

प्रवासी वाहनांवरील मागोवा-यंत्रांसाठीच्या एआयएस-१४० या भारतीय मानकात हाच विचार आढळतो. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना हे यंत्र आणि संकटकाळी दाबावयाचे बटण लागू करण्यात आले. हे यंत्र वाहनाचे स्थान कळवते आणि त्याखेरीज स्वतःच्या प्रकृतीचे संदेशही पाठवते. खासगी मोटारीतील ध्वनिसेवेवर असे कोणाचे लक्ष नसते. तेथे पहिला आणि बहुधा एकमेव निरीक्षक चालक हाच असतो.

सुरक्षेचे आवाज वेगळे

मोटारीतील सर्व आवाज एकाच योग्यतेचे नसतात. गाणे थांबले तर गैरसोय होते. सीटबेल्टचा किंवा गाडी मागे घेतानाचा इशारा थांबला तर अपघात होऊ शकतो. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागील अडथळ्याचा इशारा देणारे संवेदक बंधनकारक झाले. अमेरिकेत गाडी मागे घेण्याचा गिअर टाकल्यापासून २ सेकंदांत मागचे दृश्य दिसले पाहिजे, असा नियम आहे.

एखादी सेवा कोसळून पुन्हा सुरू होण्यास यापेक्षा अधिक वेळ लागू शकतो. त्यामुळे असे इशारे अँड्रॉइडवर अवलंबून ठेवू नयेत, ते त्याच्या बाहेर वेगळ्या मार्गाने स्पीकरपर्यंत पोहोचवावेत, असे वाहनांसाठीच्या अँड्रॉइडच्या मार्गदर्शनातच सांगितले आहे. करमणुकीची बाजू पूर्ण बंद असली तरी इशारा ऐकू आला पाहिजे. नंतर बाजारात बसवलेल्या स्टिरिओत ही विभागणी शाबूत राहिली आहे किंवा नाही, हे बसवून घेतानाच तपासणे हिताचे असते.

वाहनांची तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी दोन या संदर्भात उल्लेखनीय आहेत. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची एआरएआय आणि राजधानी क्षेत्रातील मानेसर येथील आयकॅट या दोन्ही संस्था केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनांची चाचणी करतात.

चालकाने काय करावे

आवाज थांबल्यास सर्वप्रथम गाडी सुरक्षित जागी उभी करावी. चालत्या गाडीत हातात फोन धरून तो हाताळणे हे २०१९ मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ नुसार धोकादायक वाहनचालनात मोडते आणि पहिल्या गुन्ह्यासाठी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा कारावास होऊ शकतो. दिल्ली-गुरुग्राम द्रुतगती मार्गावर गाणे परत आणण्यासाठी पडद्याशी झटापट करणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही.

त्यानंतर क्रमाने पुढे जावे. आवाजाची पातळी आणि म्यूट तपासावे. रेडिओ, पेन ड्राइव्ह आणि ब्लूटूथ असे निरनिराळे स्रोत लावून पाहावेत. एकच स्रोत मुका असेल तर दोष त्या ॲपचा किंवा त्याच्या सेवेचा आहे. सर्व मुके असतील तर दोष खालच्या कडीत आहे. सेटिंगमधील चाचणीचा आवाज किंवा स्पर्शाचा टिकटिक आवाज येत असेल तर ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ठीक आहेत असे समजावे. गाडी तापलेली असेल तर ती थंड होऊ द्यावी.

दोष एका ॲपचा असल्यास ते बंद करून पुन्हा उघडावे. सक्तीने बंद करण्याचा पर्याय वापरल्यास ॲप स्वतः उघडणे विसरू नये. फोनवरून ऐकत असल्यास त्या ॲपवर बॅटरी बचतीची मर्यादा घातलेली आहे का ते पाहावे. जोडणीचा दोष वाटल्यास ब्लूटूथची जुनी जोडणी पुसून नवी करावी. एवढ्याने भागले नाही तर संपूर्ण यंत्र पुन्हा सुरू करावे. अनेक गाड्यांत यासाठी वीज-बटण काही सेकंद दाबून धरावे लागते आणि त्याची पद्धत वाहनाच्या पुस्तिकेत दिलेली असते. केवळ इंजिन बंद करून लगेच सुरू केल्यास यंत्र झोपेतून उठते, नव्याने सुरू होत नाही, हे ध्यानात ठेवावे. मूळ स्थितीत आणण्याचा, म्हणजे फॅक्टरी रीसेटचा, पर्याय सर्वांत शेवटी वापरावा, कारण त्याने साठवलेली सर्व माहिती पुसली जाते. बॅटरीची तार काढण्याचा सल्ला रस्त्यावर हमखास मिळतो. आधुनिक गाडीत त्यामुळे इतर प्रणालींच्या नोंदीही जातात, म्हणून ते काम सेवा केंद्रावर सोपवणे इष्ट.

दोष महिन्यातून एकदा आला तर तो योगायोग असू शकतो. तो ठरावीक परिस्थितीत वारंवार येत असेल, उदाहरणार्थ दरवेळी इंजिन थोडा वेळ बंद केल्यावर किंवा एखाद्या विशिष्ट पेन ड्राइव्हमुळे, तर ती परिस्थिती, दिनांक आणि वेळ लिहून ठेवावी. प्रणाली आपल्या आत नोंदी ठेवते, पण त्या मर्यादित असतात आणि जुन्या नोंदी पुसल्या जातात. चालकाने सांगितलेली नेमकी वेळ हाती असेल तर तंत्रज्ञ त्या नोंदींतून थांबलेली कडी शोधू शकतो. वेळ माहीत नसेल तर त्याच्याही हाती संपूर्ण यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्यापलीकडे फारसे काही उरत नाही.

गाणे थांबले असता याच यंत्रातून येणारे मागे घेण्याचे किंवा सीटबेल्टचे इशारेही बंद झाल्याचे आढळले, तर दुरुस्ती लांबणीवर टाकू नये. अशी गाडी तपासून घेतल्याशिवाय रस्त्यावर आणू नये.